मूळ गावाचा रकाना

आपल्या विद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘मूळ गाव’ आणि ‘सध्याचा पत्ता’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. बहुतेक पालक दुसऱ्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ असे लिहून मोकळे होतात. जून २०१५ मध्ये सहावीच्या वर्गात दाखल झालेल्या आम्हां पाच जणांच्या अर्जांत मात्र त्या दोन ओळींच्या मध्ये लांबचा रेल्वेप्रवास होता. मूळ गावे पाचही जणांची खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली. सध्याचे पत्ते त्रिशूर, चालक्कुडी, कोइमतूर, सेलम आणि कोलकाता येथले. त्यांच्या खालचा रकाना मातृभाषेचा होता. तेथे आमच्या वडिलांनी क्षणभरही न थांबता ‘मराठी’ असे लिहिले. ते खोटे नव्हते. परंतु त्या एका शब्दात आमची जेवढी भाषा मावली त्याहून अधिक बाहेर राहिली, हे कळायला आम्हांला पुढची काही वर्षे लागली.

सांगली जिल्ह्यातील वाचकाला गलाई म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु ही स्मरणिका जिल्ह्याबाहेरही जाईल, म्हणून थोडे सांगतो. आमच्या भागात पाऊस नेहमीच बेताचा. पोट भरण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी सोने-चांदी गाळण्याचे काम हाती घेतले आणि एकाने दुसऱ्याला, मामाने भाच्याला नेत नेत ही माणसे देशभराच्या सराफ बाजारांत पोचली. आमच्या घरांतून कोणी १९७२ च्या दुष्काळानंतर गेले, कोणी त्याच्याही आधी. काम असे असते : सोनाराकडून आलेले जुने, हिणकस सोने मुशीत वितळवायचे. मात्र त्याचा कस वाढवायचा तर आधी त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळावी लागते. मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी आणि तांबे आम्लात विरघळून जातात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते, ओल्या मातीसारखी. ती धुऊन टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळे सोने. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्यांवर परत मिळवता येते. या सगळ्यात तांबूस-पिवळा धूर निघतो, तो घशाला लागतो, आणि काम करणाऱ्याची बोटे पिवळी पडतात ती पडतातच. आमच्या वडिलांची ओळख लहानपणी आम्हांला त्या बोटांवरून होती.

भट्टी खाली आणि बिऱ्हाड वर, अशा दोन खोल्यांत आम्ही वाढलो. गावी मात्र मोठी घरे होती. स्लॅबची, रंगवलेली, समोर लोखंडी फाटक. त्यात आजी एकटी आणि बाकीच्या खोल्यांना कुलपे. खानापूर तालुक्यातून फिरताना अशी घरे आजही दिसतात. ती उघडतात रेणावीच्या रेवणसिद्धाच्या किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला, आणि मे महिन्यातल्या लग्नसराईला.

मुलांना गावाकडे का पाठवायचे, याची कारणे आमच्या घरी वेगवेगळी सांगितली गेली. धूर हे एक. जागा हे दुसरे. पण खरे कारण चालक्कुडीच्या मुलाच्या आजीने एकदा यात्रेत सर्वांसमोर सांगून टाकले होते, “पोरगं तिकडचंच व्हाय लागलंय.” तो बहिणीशी भांडताना मल्याळममध्ये भांडत असे. झोपेत बोलला तर मल्याळममध्ये बोले. आई मराठीतून हाक मारी आणि तो मल्याळममधून ओ देई. गंमत अशी की तिकडे त्याला कोणी तिकडचा मानीत नव्हते. शाळेत तो ‘हिंदिक्कारन’ होता, म्हणजे हिंदीवाला. त्याच्या घरी हिंदी कोणालाच धड येत नव्हती. वडिलांची हिंदी सराफापुरती, आईची सिनेमापुरती.

कोइमतूरच्या मुलाची गोष्ट याहून निराळी. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या त्या मुलाने अकराव्या वर्षापर्यंत देवनागरी अक्षर गिरवलेच नव्हते. पाचवीत असताना त्यांची सहल तंजावरला गेली. तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला मराठी लेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. शिक्षकांनी मोठ्या कौतुकाने त्याला पुढे बोलावले आणि म्हणाले, ही तुझी भाषा, वाचून दाखव. तो भिंतीपाशी गेला आणि उभा राहिला. सगळा वर्ग वाट पाहत होता. त्याला एकही अक्षर ओळखता येईना. ही गोष्ट त्याने आम्हांला आठवीत असताना सांगितली, दिवे मालवल्यानंतर.

मिरज जंक्शनवर उतरून, तासगाव मार्गाच्या एसटीने आम्ही वेगवेगळ्या दिवशी येथे आलो. पहिल्या आठवड्यातच आम्हां पाचही जणांचे नाव ‘मद्राशी’ पडले. कोलकात्याचा मुलगा पुष्कळ दिवस समजावून सांगत होता की कोलकाता दुसऱ्या दिशेला आहे. भिंतीवरचा नकाशाही त्याने दाखवला. उपयोग झाला नाही. भात जास्त खाणारा तो मद्राशी, अशी सोपी व्याख्या होती, आणि भात तोही जास्त खात असे.

तमिळनाडूतून आलेल्या दोघांना मराठी लेखनासाठी पहिलीच्या मुलांची अंकलिपी देण्यात आली. सहावीतला मुलगा गुडघ्याएवढ्या मुलांसारखा ‘ग’ गिरवतो आहे, हे दृश्य बघायला खिडकीशी गर्दी जमे. बाकीच्यांची अडचण लिंगांची. मल्याळममध्ये तो आला, ती आली, ते आले, आम्ही आलो, या सर्वांना ‘वन्नु’ एवढा एकच शब्द पुरतो. बंगालीतही क्रियापदाला लिंग नाही. बोलण्याच्या भरात आमच्यापैकी कोणी ‘सर आली’ म्हणून गेला की तो दिवस संपला. मुले ते वाक्य आठवडाभर पुरवीत.

परंतु आमची सर्वाधिक थट्टा झाली ती या चुकांमुळे नव्हे. ती झाली आमच्या बरोबर असलेल्या मराठीमुळे. आम्ही जेवणाच्या पंगतीत ‘कोरड्यास’ मागत असू, भाजीला ‘माळवं’ म्हणत असू, ‘सांच्यापारी’ खेळायला जायचे ठरवीत असू. सांगली-मिरजेकडची मुले खो-खो हसत. त्यांना वाटे, हे मद्राशी शब्द. ही मराठी आमच्या आजोबांनी गाव सोडताना बरोबर नेली होती आणि भट्टीवरच्या दोन खोल्यांत ती जशीच्या तशी राहिली होती. बोलायला दुसरे कोणी नसल्याने तिला बदलायचे कारणच नव्हते. इकडे मूळ गावातली मुले मात्र दूरदर्शन पाहून ‘नाश्ता’ करू लागली होती. सातवीत आमच्या मराठीच्या शिक्षकांनी वाचनाच्या तासाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला घेतली. माडगूळकर आपल्या शेजारच्याच माणदेशातले. १९५५ सालचे ते पुस्तक. सर वाचताना मधेच थांबून वर्गाला बोलीतल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारीत. हात वर होत ते आमचे. पहिल्या दिवशी वर्गाला याचे आश्चर्य वाटले. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले.

पहाटेच्या वंदनेची आठवण येथेच सांगितली पाहिजे. पाली ही कोणाचीच मातृभाषा नव्हती. विट्याचा मुलगा, जतहून आलेला कन्नड बोलणारा मुलगा आणि सेलमचा मुलगा, सारे एकाच पायरीवर उभे. चुकत ते सारेच चुकत. आमच्यापैकी दोघेच बौद्ध घरातले होते, तरी पाचही जण तेवढा अर्धा तास मोकळ्या आवाजात बोलत असू. दिवसातल्या उरलेल्या वेळी आम्ही बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घेत असू.

सेलमच्या मुलाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, आणि त्याच्या संमतीने लिहितो आहोत. त्याचे वडील स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरीला होते. सेलममध्ये त्यांचे आडनाव ऐकून कोणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. तेथल्या लोकांना ते आडनाव उच्चारता येत नव्हते आणि त्यातून काही वाचताही येत नव्हते. तेथे जात नाही असे कोण म्हणेल, पण यांची जात तेथल्या कोणाला लावता येत नव्हती. ते नुसते मराठी होते. पहिल्या दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “कुणाचा रं तू?” प्रश्न मायेचाच असतो, आपल्याकडे प्रत्येक पोराला विचारला जातो. त्याने वडिलांचे नाव आणि आडनाव सांगितले. म्हातारा “हां, हां” म्हणाला आणि हाताने गावाच्या त्या बाजूची वाट दाखवली. मुलाने वाट विचारली नव्हती. तेथे तो भाषेने परका होता, येथे आडनावाने झाला, आणि दुसरा परकेपणा अधिक जुना निघाला. वसतिगृहात पंगतीला आडनाव कोणी विचारीत नाही, हा आपल्या संस्थेचा नियम आहे. आम्हां पाच जणांत मात्र, नियम नसताना, पहिल्या महिन्यात ते विचारले गेले होते. विचारणारे आम्हीच होतो.

त्याच मुलाने नववीत असताना ७ नोव्हेंबरला भाषण केले. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवले, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच्या भाषणात नेहमीचे काही नव्हते. तो म्हणाला, बाबासाहेबांचे गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पण जन्म महूच्या लष्करी छावणीत, मग दापोली, मग सातारा, मग मुंबई. लष्करातल्या सुभेदाराचा मुलगा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना मूळ गाव विचारले असते, तर त्यांनी काय लिहिले असते? एवढे बोलून तो खाली बसला. टाळ्या थोड्या उशिरा वाजल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. रविवारी दुपारी कार्यालयातल्या दूरध्वनीवर घरच्यांशी बोलता येई. मागे रांग उभी असे. रांगेतल्या मुलांना पलीकडचे ऐकू येत नसे, अलीकडचे सगळे ऐकू येई. पहिल्या एक-दोन रविवारी चालक्कुडीचा मुलगा धाकट्या बहिणीशी मल्याळममध्ये बोलला. ती तेव्हा सात वर्षांची होती. रांगेने ते बोलणे टिपले आणि संध्याकाळपर्यंत वसतिगृहात त्या आवाजाची नक्कल सुरू झाली. तिसऱ्या रविवारपासून तो मराठीत बोलू लागला. ती ‘चेट्टा’ म्हणे, म्हणजे मोठा भाऊ. तो म्हणे, दादा म्हण. ती मल्याळममध्ये काही सांगू लागली की तो म्हणे, मराठीत सांग, नाहीतर आईकडे दे. तिला मराठी समजे, पण मनातले सांगण्याइतकी येत नव्हती. ती काही वेळ गप्प राहून आईकडे फोन देई. पुढे पुढे ती फोनवर येईनाशी झाली. आई सांगे, खेळायला गेली आहे. आम्ही रांगेत उभे असू. आम्हां बाकीच्या चौघांच्याही फोनवर कमी-अधिक हेच चालले होते, म्हणून कोणी कोणाला काही म्हटले नाही. उलट आठवीपर्यंत आम्हांला कोणी मद्राशी म्हणेनासे झाले, याचा आम्हांला अभिमान होता. मराठीत सत्तरच्या वर गुण मिळू लागले होते. आजीचे शब्द आम्ही टाकले होते. ‘भाजी’ म्हणत होतो.

ऑगस्ट २०१८. पंधरा तारखेचे झेंडावंदन झाले आणि सोळा तारखेला केरळातल्या पुराच्या बातम्यांत चालक्कुडीचे नाव येऊ लागले. धरणांचे दरवाजे उघडले होते, चालक्कुडी नदी गावात शिरली होती. वडिलांचा भ्रमणध्वनी लागेना. आईचा लागेना. तो दिवस गुरुवार होता, पण अधीक्षक सरांनी त्याला कार्यालयात बसवून घेतले आणि म्हणाले, ज्याचा नंबर पाठ असेल त्याला लाव. रात्री आठच्या सुमारास शेजारच्या बाईंचा नंबर लागला. तो त्यांना चेच्ची म्हणत असे, ताई.

कार्यालयाचे दार उघडे होते आणि जेवणाची घंटा झालेली असल्याने निम्मे वसतिगृह बाहेर होते. तीन वर्षांत जी भाषा त्याच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती, ती एकदम मोठ्याने, भरभर, रडत बाहेर आली. कोणी नक्कल केली नाही. भट्टीत कमरेपर्यंत पाणी होते, वडिलांनी आम्लाचे कॅन आधीच वर चढवले होते, सगळे जण एका शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होते. हे आम्हांला नंतर कळले. तेव्हा आम्हांला फक्त त्याचा चेहरा दिसत होता. मग पलीकडे फोन बहिणीकडे गेला असावा. तो थांबला, ऐकत राहिला. ती काय म्हणाली ते त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितले. ती इतकेच म्हणत होती, चेट्टा, चेट्टा. त्याने त्या दिवशी ते दुरुस्त केले नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पाळी सांगलीची होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आपले विद्यालय दुष्काळी बाजूला, येथे पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही पूरग्रस्तांसाठी भाकरी बांधून देत होतो. दुपारी अधीक्षक सर स्वयंपाकघराच्या दारात आले. कोणा बाईंचा फोन होता. त्यांना ‘सांगली’ आणि ‘वेळ्ळम्’ एवढे दोनच शब्द कळले होते. दुसऱ्याचा अर्थ पाणी, हे त्यांनी मागच्या वर्षी शिकून घेतले होते. ते त्याला म्हणाले, “जा, तुझ्या भाषेतला फोन आलाय.” मातृभाषेच्या रकान्यात सरांच्याच हस्ताक्षरात नोंदवहीत ‘मराठी’ असे लिहिलेले आहे. परंतु त्या दिवशी त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. भावंडांमधली तीन वर्षे परत आली नाहीत. आज बहीण सतरा वर्षांची आहे. तिची मराठी समजण्यापुरती, याची मल्याळम गंजलेली. ती तिच्या भाषेत बोलते, हा याच्या भाषेत उत्तर देतो, आणि जेथे दोघेही अडतात तेथे इंग्रजी शब्द टाकतात. कोइमतूरच्या मुलाच्या घरी तर भाऊ तमिळ चित्रपट पाहतात तेव्हा हा उठून बाहेर जातो. विनोद अर्धेच कळतात म्हणतो. आमची दहावीची परीक्षा मार्च २०२० ची. टाळेबंदीमुळे तिचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि सर्वांना सरासरीने गुण मिळाले. तो पेपर भूगोलाचा होता. आम्ही भेटलो की अजूनही यावर हसतो. इकडे टेंभू योजनेचे पाणी आले आहे, आटपाडीत डाळिंबे आहेत, खानापुरात ऊस दिसतो. काही वडील भट्टी मोडून परत आले आणि आता गावात बसून त्यांना त्रिशूरच्या चहाची आठवण येते.

गेल्या जूनमध्ये अधीक्षक सरांचा चालक्कुडीच्या मुलाला फोन आला. तो आता विट्यात नोकरी करतो. सहावीत एक नवा मुलगा आला होता, त्रिशूरहून, गलाईवाल्यांचाच. तीन दिवस धड जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. सर म्हणाले, जरा त्याच्याशी बोल. त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला.

मल्याळममध्ये जेवलास का आणि खेळलास का, या दोन प्रश्नांत एका अक्षराचा फरक आहे. खेळण्यातले अक्षर आपला ‘ळ’. जेवण्यातले अक्षर आपल्याकडे नाही. ते ‘ळ’च्या जवळ असले तरी जीभ आणखी मागे, सैल ठेवावी लागते.  इतकी वर्षे मराठीत घासलेल्या जिभेने आमच्या मित्राने त्या मुलाला मोठ्या मायेने विचारले, “ऊण् कळिच्चो?” पलीकडे शांतता. मग पहिल्यांदाच त्या पोराचे हसू ऐकू आले. तो म्हणाला, चेट्टा, जेवण खेळलास का, असे विचारलेत तुम्ही. मग त्याने ते अक्षर सावकाश म्हणून दाखवले. शाळेत शिकलेल्या देवनागरीत त्याला चिन्ह नाही, म्हणून येथे लिहिता येत नाही. त्याने ते आमच्या मित्राकडून चार वेळा म्हणवून घेतले, चौथ्या वेळी “आता बरोबर” असे म्हणाला, आणि फोन सरांच्या हातात देऊन जेवायला गेला.